एका रुपयामागे किती? दिव्यांग वसतिगृहाचा हिशेब

[दृश्य : कोल्हापूर. वसतिगृहातली सकाळ. पलंगाला तिरकी लावलेली व्हीलचेअर.]

ब्रेक लावला. पाय ठेवायची पट्टी बाजूला केली. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये गुळगुळीत फळी टाकली आणि हातांवर भार देत तिथली एक मुलगी खुर्चीत सरकली. पूर्वी याला दोन माणसं लागायची. खुर्चीत बसल्यावरही दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर अंग उचलावं लागतं, नाहीतर दाबाची जखम होते. ती चिघळली, की महिनोन्महिने अंथरूण.

वार्षिक अहवालात यातलं एवढंच येतं : 'व्हीलचेअर वाटप', आणि पुढे आकडा.

नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथे 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली, तेव्हापासून कोल्हापूरला हे काम परकं नाही. कंपन्यांकडे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मागायला गेलं, की मात्र प्रश्न येतो : रुपयामागे समाजाला किती परत मिळतं? त्यासाठी वापरतात ती पद्धत म्हणजे 'सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट', एसआरओआय. तिचा उगम १९९० च्या दशकातला, सॅन फ्रान्सिस्कोचा.

[दृश्य : वही, कॅल्क्युलेटर.]

समजा, मुलं वसतिगृहात आल्यामुळे दहा जणांच्या आईला बाहेर काम धरता आलं. प्रत्येकीचे महिना सहा हजार धरले तर वर्षाचे ७,२०,०००. हाच आकडा छापायचा मोह होतो. पण दोघी तशाही कामाला लागल्याच असत्या, उरले ५,७६,०००. त्यातलं पाव श्रेय सांभाळणाऱ्या आजीचं आणि बचत गटाचं. हातात राहतात ४,३२,०००.

हा आकडा खर्चाने भागला, की रुपयामागचं गुणोत्तर मिळतं. पण खर्चात काय धरायचं, तिथेही गफलत होते. भाडं, पगार, औषधं धरली जातात; दान आलेला तांदूळ, फुकट तपासणारे डॉक्टर, स्वयंसेवकांचे तास सुटतात. भाजक लहान, म्हणून गुणोत्तर फुगतं. सरकारी अनुदानाचंही तसंच : रहिवाशाला जमा, सरकारला खर्च. नवं मूल्य म्हणून ते धरू नये.

[दृश्य : व्हरांडा. समोरासमोर दोन खुर्च्या.]

सगळ्यात नाजूक भाग मुलाखतीचा. अधीक्षक शेजारी उभे असतील तर प्रत्येक पालक म्हणणार, "सगळं चांगलं आहे." प्रवेश जाईल ही धास्ती असते. म्हणून विचारणारा बाहेरचा हवा. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, बौद्धिक दिव्यांगांसाठी चित्रं. आणि उत्तर रहिवाशाचंच घ्यायचं. आईचं वेगळ्या रकान्यात.

वजा बाजूचंही विचारा. दार आतून लावता येतं का? जेवणाची वेळ कोण ठरवतं? उचलून उचलून मदतनीस बायकांच्या कंबरेचं काय झालं? भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं कलम १९ सांगतं, की कुठे आणि कोणाबरोबर राहायचं ते दिव्यांग व्यक्तीने ठरवावं. तेव्हा तुलना 'वसतिगृह की काहीच नाही' अशी करणं सोयीचं आहे, पण अपुरं. घरीच मदतनीस मिळाला असता तर? हा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.

[दृश्य : गगनबावड्याकडचं घर. उंच उंबरा, अरुंद शौचालय.]

वसतिगृह सोडल्यावर त्याचा परिणाम दरवर्षी थोडा ओसरतो. हिशेबात ती घट धरतात. टेबलावर बसून सरसकट दहा टक्के लावू नका. सहा महिन्यांनी घरी जा, दाराची रुंदी मोजा. खुर्ची आत जात नसेल, तर या घरापुरती घट शंभर टक्के लिहा.