कांद्याच्या कापांना कोणती आच?

(दृश्य: ट्रेवर पसरलेले पांढऱ्या कांद्याचे काप)

जळगाव असो की गुजरातेतलं महुवा, सुक्या कांद्याच्या धंद्यात इंधनाचे पैसे मोजायचे ते पाणी उडवायला. १०० किलो कापांत पाणी सुमारे ८६ किलो. ओलावा ६ टक्क्यांवर आणला की माल उरतो १५ किलो. उडालेल्या ८५ किलो पाण्याला सुमारे ५०,००० किलोकॅलरी लागतात. लहान ट्रे ड्रायरमध्ये साधारण तेवढीच उष्णता वाया जाते, म्हणून हिशेब १ लाखाचा धरा.

साधा हीटर ११६ युनिट खाईल. एलपीजी ९ किलो, म्हणजे जवळपास अर्धं व्यावसायिक सिलिंडर. भुशाचा पांढरा कोळसा (भुसा दाबून केलेलं इंधन), भट्टी आणि हीट एक्स्चेंजरची (भट्टीच्या धुराची उष्णता नळ्यांतून स्वच्छ हवेला देणारा भाग) कार्यक्षमता ६० टक्के धरून, ४२ किलो. प्रत्येकापुढे आपल्या गावचा दर लिहा.

(दृश्य: भट्टीत कोळसा टाकणारा कामगार)

कोळसा स्वस्त पडला, तरी सगळं काम भट्टीवर टाकू नका. सुरुवातीला पाणी भराभर निघतं. हवा ७० अंशांवर असली तरी काप थंड राहतो. शेवटी पाणी आतून सावकाश झिरपतं, काप हवेइतका तापतो आणि साठीच्या वर तांबूस पडू लागतो. आच कमी हवी ती नेमकी तेव्हा, आणि निखाऱ्याला बटण नसतं. म्हणून ओलावा १५ टक्क्यांवर आला की ५५ अंशांवर विजेचा हीटर लावा. आता उडवायचं पाणी जेमतेम दीड किलो. बहुतेक हवा आतच फिरवा, पण थोडी बाहेर सोडत राहा. आत दमट झालं की ओलावा खाली उतरत नाही.

एवढ्यासाठी हीट पंप (दमट हवेतली उष्णता परत वापरणारं विजेचं यंत्र) घेणं म्हणजे पैसे अडकवणं. त्याची कमाई ओल्या मालात: युनिटमागे दीड ते तीन किलो पाणी.

(दृश्य: धुरांडं, बायपास डँपर)

वीज गेली की हीटर विझतो, भट्टी नाही. ब्लोअर बंद, नळ्या लाल, एक्स्चेंजरजवळचे ट्रे करपलेले. धूर थेट धुरांड्यात नेणारा, वीज जाताच वजनाने आपोआप उघडणारा डँपर, म्हणजे झडप, बसवून घ्या.

ब्लोअर एक्स्चेंजरच्या आधी हवा, नंतर नको. मग नळीला भोक पडलं तरी हवा भट्टीकडे जाते, धूर मालात येत नाही. तपासणी सोपी: थंड भट्टीत धुराचा पंखा बंद ठेवून फक्त ब्लोअर लावा आणि भट्टीच्या दारात हात धरा. वारा लागला तर नळी फुटली आहे.