काचेखालची यादी

नमस्कार, श्रोतेहो.

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी आस्थापना शाखेत होतो. हेडक्लार्कच्या टेबलावर जाड काच आणि काचेखाली सेवाज्येष्ठतेची यादी. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं निवृत्तीची तारीख. बढतीची आस असलेला माणूस चहाचा कप हातात धरून त्या काचेवर वाकायचा आणि बोटांवर वर्षं मोजायचा. वरचा घरी गेल्याशिवाय खालचा सरकणार नाही, असा सरळ हिशेब.

हाच हिशेब शास्त्रज्ञांना लावला, तर तिशीतला हुशार माणूस वाट बघत कुजणार, नाहीतर बाहेरची वाट धरणार. म्हणून अणुऊर्जा खात्यात बढती रिकाम्या जागेला बांधलेली नाही. ट्रॉम्बेच्या प्रशिक्षण शाळेतून, ती १९५७ साली सुरू झाली, वर्षभर शिकून मुलगा सायंटिफिक ऑफिसर 'सी' होतो. पुढे त्याचं काम तपासून, मुलाखत घेऊन त्याला 'डी', 'ई' अशी श्रेणी मिळते. खुर्ची माणसामागून वर जाते म्हणा ना!

७ जानेवारी १९६६ला मुंबईतल्या भाषणात होमी भाभांनी हेच मांडलं होतं: विज्ञान वाढवायचं तर कारभाराची रीतच निराळी हवी, आधी माणसं हेरा, संस्था त्यांच्याभोवती वाढू द्या. त्यानंतर सतराच दिवसांत ते विमान अपघातात गेले.

आता या पद्धतीतही कुरकुर आहेच. संशोधकाकडे दाखवायला शोधनिबंध असतात. पण रात्रपाळीत पंप, झडपा आणि मीटर सांभाळणाऱ्यानं समितीपुढे काय ठेवायचं? त्याच्या पाळीत काहीच बिघडलं नाही, हेच त्याचं काम. आणि ते कागदावर दिसत नाही. मुलाखत घेणाऱ्यानं आधी एकदा त्याच्या पाळीला जाऊन बसावं, असं मला वाटतं.

आणि हे बढतीचे आदेश टाइप करणारा कारकून? त्याला १०, २०, ३० वर्षांनी वेतनाची पायरी मिळते, पण पदासाठी त्याची नजर काचेखालीच.

१९९८मध्ये केंद्रानं निवृत्तीचं वय ५८चं ६० केलं. आमच्या हेडक्लार्कनं काच उचलली, खोडरबर घेतला आणि एकेक तारीख दोन वर्षं पुढे ढकलली. त्या दिवशी शाखेत चहा आला, पण काचेवर कुणी वाकलं नाही.