पिडिंग्टनच्या वहीतली फुली

नमस्कार श्रोतेहो.

१८१० साली बंगालमधल्या सेरामपूरच्या छापखान्यात मराठीचा एक कोश छापून झाला. शब्द मोडीत, अर्थ इंग्रजीत. मी मोडी कागद वाचते, त्यामुळे या कोशाशी माझी ओळख जुनी आहे. तो सिद्ध केला विल्यम केरी यांनी, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. त्याआधी, १८०५ मध्ये, केरींनी मराठीचं व्याकरणही छापलं होतं. मिशनरी म्हणून आलेला हा माणूस कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत असे.

बरीच वर्षं मी केरींकडे 'मराठी छापणारा साहेब' एवढ्याच नजरेनं पाहिलं. मग एकदा मनात आलं, हा माणूस मुळात कुणाचा कोण? कुठल्या गावचा, कुणाच्या घरचा? आणि तिथून मी इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या नोंदवह्यांकडे वळले. आज तुम्हाला त्याच वह्यांविषयी सांगायचं आहे. एखाद्या साध्या इंग्रज शेतकऱ्याचं, विणकराचं घराणं चर्चच्या वह्यांतून आणि मृत्युपत्रांतून कसं शोधतात, हे केरींचंच घर समोर ठेवून पाहू.

केरींचा जन्म १७६१ चा. गाव पॉलर्सपरी, जिल्हा नॉर्थॅम्प्टनशर. वडील एडमंड केरी हातमागावर कापड विणायचे. विल्यम सहा वर्षांचा असताना वडिलांना गावात दोन कामं मिळाली, शाळामास्तरकी आणि पॅरिश क्लार्कची जागा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारं गाव आणि आसपासची वस्ती. क्लार्क हा तिथल्या पाद्र्याचा उजवा हात. प्रार्थनेत लोकांच्या वतीनं उत्तरं म्हणायची, चर्चची व्यवस्था पाहायची. पुष्कळ गावांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन आधी कच्च्या वहीत टिपून ठेवायचं कामही तोच करी. पुढे फुरसतीनं ते पक्क्या वहीत उतरे. म्हणजे ज्याच्या मुलानं आपल्या भाषेचा कोश केला, तो बाप गावाच्या नावांच्या वहीजवळ बसणारा होता. हे वाचलं आणि मला केरी एकदम जवळचे वाटू लागले.

या वह्यांचा जन्म एका हुकुमातून झाला. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं फर्मावलं की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांची वही ठेवावी. लोकांना भीती वाटली की हा नव्या कराचा डाव आहे. सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. १५९८ मध्ये ठरलं की त्या चर्मपत्रावर उतरवाव्यात, निदान राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या तरी. काही पाद्र्यांनी 'निदान' हा शब्द पकडला आणि आधीची वीस वर्षं सोडून दिली. म्हणूनच कितीतरी गावांच्या वह्या १५५८ पासून सुरू होतात. त्याच सुमारास दर वर्षीच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धतही पक्की झाली. मूळ वही उंदरांनी खाल्ली, ओलीनं कुजली, तरी बिशपकडची नक्कल कधीकधी वाचते. जुन्या कागदांत वावरणाऱ्याला अशी दुसरी प्रत म्हणजे केवढा आधार!

शोध नेहमी आपल्याला ठाऊक असलेल्या माणसापासून मागे मागे न्यायचा. थोर पूर्वज आधी मनात धरून तिथून खाली उतरू लागलं, तर हमखास फसगत होते. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. केरी त्याआधीच, १८३४ मध्ये, सेरामपूरला वारले. त्यांच्यासाठी मग चर्चच्या वहीखेरीज दुसरी वाटच नाही.

आता लग्नाची नोंद पाहू. १७५४ पूर्वी बहुतेक वह्यांत लग्न म्हणजे एक ओळ, दोन नावं, तारीख, संपलं. त्या वर्षी कायदा आला. तेव्हापासून नोंदीखाली वर, वधू, दोन साक्षीदार आणि पाद्री अशा सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. ज्याला लिहिता येत नाही त्यानं फुली काढायची आणि पाद्र्यानं शेजारी लिहायचं, ही अमक्याची निशाणी. या एका कायद्यानं इंग्लंडच्या खेड्यांतल्या लाखो माणसांचा हात आपल्याला दिसू लागला.

विल्यम केरी पॉलर्सपरीहून काही मैलांवरच्या पिडिंग्टनला चांभारकाम शिकायला गेला होता. तिथल्याच डोरोथी प्लॅकेटशी त्याचं लग्न झालं, १० जून १७८१ रोजी, पिडिंग्टनच्या चर्चमध्ये. तो अजून वीस वर्षांचाही झाला नव्हता, ती त्याच्याहून मोठी होती. नोंदीखाली विल्यमनं सही केली. डोरोथीनं फुली काढली.

त्या फुलीशी मी पुष्कळ वेळ थांबले. जुन्या कागदांवर अक्षर न येणाऱ्यांच्या निशाण्या मी इतक्या पाहिल्या आहेत की कुठल्या बोटानं जोर दिला असेल, हात कुठे थांबला असेल, याचा अंदाज येऊ लागतो. शाईत बुडवलेली पिसाची लेखणी तिच्या हातात त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच आली असेल. आणि शेजारी तिच्या नवऱ्याचं नाव, अक्षर ओळखीचं करून घेतलेल्या माणसाचं.

ही नोंद आणखी एक गोष्ट शिकवते. केरी पॉलर्सपरीचे म्हणून कुणी त्यांचं लग्न पॉलर्सपरीच्या वहीत शोधत बसेल, तर हाती काही लागणार नाही. लग्न बहुतेकदा मुलीच्या पॅरिशमध्ये होई. शिवाय मुलं कामधंदा शिकायला दुसऱ्या गावी जात. म्हणून एखादं माणूस वहीतून अचानक नाहीसं झालं, तर नकाशा काढायचा आणि आसपासच्या गावांच्या वह्या एकेक करून चाळायच्या. आणि साक्षीदारांची नावंही नीट पाहायची. त्यांत भाऊबहीण सापडतात, पण एक चकवाही असतो. तेच ते नाव वर्षानुवर्षं प्रत्येक लग्नाखाली दिसलं, तर तो नातेवाईक नसतो, पॅरिश क्लार्क असतो.

चकवे आणखीही आहेत. १७३३ पर्यंत अनेक नोंदी लॅटिनमध्ये असत. त्यामुळे विल्यमचा गुलिएल्मुस होतो आणि जेम्सचा याकोबुस. सतराव्या शतकाच्या मध्याला यादवी युद्ध झालं, त्या काळात कितीतरी वह्या कोऱ्याच राहिल्या. कालगणनेचा घोळ तर मला स्वतःला भोवला. एका जोडप्याचं लग्न सापडलं एप्रिल १७२० मध्ये आणि त्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० मध्ये. मी टिपून ठेवलं, मूल लग्नाआधीचं. आठवडाभर तसंच मानत राहिले. मग ध्यानात आलं की १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे तो फेब्रुवारी एप्रिलनंतरचा, आपल्या हिशेबानं १७२१ चा. त्या बिचाऱ्या बाईवर मी विनाकारण ठपका ठेवला होता. तेव्हापासून जानेवारी ते मार्चच्या नोंदीपुढे मी दोन्ही सालं लिहिते.

केरींच्या घरात याहून मोठी अडचण येते ती धर्ममताची. विल्यम चर्च ऑफ इंग्लंडमध्ये, म्हणजे देशाच्या अधिकृत चर्चमध्ये वाढला, पण ऐन तारुण्यात बॅप्टिस्ट झाला. १७८३ मध्ये नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत त्यानं प्रौढपणी बाप्तिस्मा घेतला. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. त्यामुळे त्यानंतर जन्मलेली फेलिक्स, विल्यम, पीटर ही मुलं पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या वहीत सापडतील अशी आशा धरू नये. वहीत नाव नाही म्हणजे माणूसच नव्हतं, असा अर्थ कुणी घेतला तर अख्खी पिढी हातची जाईल. अशा वेगळ्या पंथांच्या नोंदी पुढे १८३७ नंतर सरकारनं मागवून घेतल्या. आज त्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दफनाची वही मात्र या लोकांच्या बाबतीतही पाहायची, कारण गावात पुरायला जागा पुष्कळदा चर्चच्या आवारातच असे.

त्याच १७८३ साली सरकारनं प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर बसवला. तो ११ वर्षं चालला. निर्धन माणसाला माफी होती. मग वह्यांत नावापुढे निर्धन अशी खूण अचानक दिसू लागते. काही घरं खरंच गरीब होती, काही ठिकाणी पाद्र्याचं मन कनवाळू होतं. एकट्या त्या खुणेवरून घराची स्थिती ठरवू नये.

घराची खरी स्थिती कळते मृत्युपत्रांतून. वही सांगते जन्मला, लग्न केलं, मेला. मृत्युपत्र माणसाला घरात उभं करतं. १८५८ पर्यंत इंग्लंडमध्ये मृत्युपत्रं सिद्ध होत, म्हणजे खरी म्हणून मान्य होत, ती चर्चच्या न्यायालयांत. सामान्य शेतकऱ्याचं किंवा विणकराचं मृत्युपत्र जिल्ह्याच्या आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, न्यायालयात जाई. मोठी मालमत्ता असेल, किंवा ती अनेक ठिकाणी पसरलेली असेल, तर ते कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयापर्यंत पोचे. नॉर्थॅम्प्टनशरच्या खेड्यांतली माणसं शोधायची तर नॉर्थॅम्प्टनच्या अभिलेखागारापासून सुरुवात करायची आणि तिथे नाही लागलं तर वर वर चढत जायचं.

'देवाच्या नावानं, आमेन' अशी सुरुवात. मग आत्मा देवाला, देह मातीला. आणि मग खरं घर सुरू होतं. बायकोला बिछाना आणि राहायला खोली, धाकट्याला माग, विवाहित मुलीला पितळेचं भांडं, नातवाला मेंढी. विवाहित मुलींची सासरची नावं इथे मिळतात, आणि वहीत हरवलेली बाई एकदम सापडते. त्या काळी विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. म्हणून बायकांची जी मृत्युपत्रं मिळतात ती बहुधा विधवांची किंवा अविवाहितांची. आणि ती फार बोलकी असतात. बापाच्या मृत्युपत्रात जमीन असते, विधवेच्या मृत्युपत्रात कुठला झगा कुठल्या भाचीला, हे असतं.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी मृत्युपत्रांसोबत चीजवस्तूंची यादीही जोडलेली मिळते. माणूस गेला की दोन-तीन शेजारी घरात येत आणि खोलीखोलीतून फिरून सगळं लिहून काढत. स्वयंपाकघरातली भांडी, माडीवरचे बिछाने, कोठारातलं धान्य, गोठ्यातली गाय, अंगणातला लाकूडफाटा, शेतातलं उभं पीक. प्रत्येकाची किंमत शिलिंग-पेन्समध्ये. शेजाऱ्यांच्या पावलांमागून आपणही त्या घरात फिरून येतो. विणकराचा माग कुठल्या खोलीत होता, हेही कळतं.

नात्यांचे शब्द मात्र जपून वाचायला हवेत. आज ज्या इंग्रजी शब्दाचा अर्थ जावई, तोच शब्द तेव्हा सावत्र मुलालाही लागे. चुलतभाऊ म्हटलेला माणूस पुतण्या निघतो. 'माझी आत्ताची पत्नी' असं लिहिलं म्हणजे आधीची कुणी होतीच असं नाही, ती वकिली काळजी आहे. थोरल्याला फक्त एक शिलिंग ठेवला असेल, तर बाप रागावला होता असं पटकन म्हणू नये. पुष्कळदा थोरल्याचा वाटा त्याला आधीच मिळालेला असे.

केरींचं स्वतःचं मृत्युपत्रही आपल्याला ठाऊक आहे. चांभारकाम केलेल्या या माणसानं पुढे कॉलेजात मोठा पगार मिळवला आणि त्यातला बहुतेक सगळा मिशनच्या कामाला दिला. मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं की सेरामपूरच्या मिशनच्या जागेवर आपला कसलाही हक्क नाही. शंख, पोवळी, खनिजं, कीटक यांचा जन्मभर जमवलेला संग्रह सेरामपूरच्या कॉलेजाला दिला. पुस्तकं विकावीत आणि त्यातून जेबेझ या मुलाला १,५०० रुपये द्यावेत, असं सांगितलं. इथेही कुणी एकट्या जेबेझचं नाव पाहून बाकीच्यांवरच्या रागाची गोष्ट रचू नये. आणि आपली कबर दुसऱ्या पत्नीच्या, शार्लटच्या शेजारी असावी, अशी इच्छा लिहून ठेवली.

त्याच सेरामपूरच्या छापखान्यातून निघालेल्या सुरुवातीच्या मराठी पुस्तकांत नागपूरकर रघूजी भोसल्यांची वंशावळीही होती. राजाची वंशावळ लिहायला बखरकार असतात. पॉलर्सपरीच्या विणकराची वंशावळ अशी फुल्या, शिलिंग आणि पितळेची भांडी वेचत जुळवावी लागते.

डोरोथी नवऱ्याबरोबर १७९३ मध्ये बंगालला आली, मनाविरुद्ध, जेबेझ अगदी तान्हा असताना. इथे आल्यावर वर्षभरात पाच वर्षांचा पीटर आमांशानं गेला. त्या धक्क्यातून तिचं मन पुन्हा सावरलं नाही. १८०७ च्या डिसेंबरात ती सेरामपूरला वारली. तेव्हा सेरामपुरावर राज्य होतं डेन्मार्कचं, म्हणजे तिची शेवटची वाट शोधणाऱ्याला इंग्रजांच्या कागदांबाहेरही जावं लागतं. तिनं मागे मृत्युपत्र ठेवलं नाही, कोश ठेवला नाही. तिच्या स्वतःच्या हातचं काही पाहायचं असेल तर पिडिंग्टनची लग्नाची वही उघडायची, १७८१ चा जून काढायचा. विल्यमच्या सहीजवळ ती फुली आहे.

नमस्कार.