रोजवही : बेळगावच्या एका चित्रकर्तीचे काम (माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : पहाट. शहापूरमधील घराची माडी. खिडकीशी लाकडी मेज, त्यावर दोन हात.]

सकाळी सहाच्या सुमारास या माडीवर पहिला आवाज येतो तो बोरू तासण्याचा. चाकूने बोरूचे टोक तिरके कापायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि टोक काचेवर दोनदा घासून सारखे करायचे, हे काम या चित्रकर्ती खिडकीबाहेर बघतच करतात. त्यानंतर रोजवही उघडते. दुकानदार हिशेबासाठी वापरतात त्या लाल कापडी बांधणीच्या चोपडीला त्यांनी हे नाव दिले आहे आणि तिचे नियम दोनच आहेत : दररोज एक पान भरायचे आणि भरलेले पान फाडायचे नाही. आपले नाव आणि चेहरा चित्रफितीत येऊ नये, एवढी एकच अट त्यांनी आम्हांला घातली. त्यामुळे पुढील काही मिनिटे आपण मुख्यतः त्यांचे हात पाहणार आहोत.

[दृश्य : रोजवहीची पाने एकामागून एक.]

एका पानावर कपिलेश्वर मंदिराच्या वाटेवर दिसलेली ठिपक्यांची रांगोळी आहे. पुढच्या पानावर कुंद्याच्या खोक्याला हलवायाने बांधलेल्या दोऱ्याची गाठ आहे, त्यापुढे गोकाकच्या लाकडी खेळण्यांतील केळी आणि पेरू आहेत. अथणीहून आणलेल्या चपलेच्या वेणीला मात्र त्यांनी सलग चार पाने दिली आहेत, कारण चामड्याची पट्टी वेणीत नेमकी कोठे वर येते आणि कोठे खाली जाते, हे त्यांना तिसऱ्या पानापर्यंत उमगले नव्हते. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून देण्यात आले आहे आणि त्या आठांत बेळगाव जिल्हाही आहे. दोन्ही राज्यांनी एकच वस्तू एकत्र आपली म्हटल्याचे हे उदाहरण दुर्मिळच म्हणावे लागेल. चौथ्या पानावरील वेणी पुढे एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची चौकट झाली; ती चपलेवरून आली आहे, हे संपादकांना त्यांनी छपाई झाल्यावर सांगितले.

[दृश्य : जुने पत्र्याचे डबे, चपटे ब्रश, भोके पाडलेला पिवळा कागद.]

या हातांचे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयाच्या आधी घरात सुरू झाले. वडील पेंटर होते. खडेबाजार आणि गणपत गल्ली परिसरातील दुकानांचे फलक, सहकारी पतसंस्थांच्या पाट्या, नाटकांचे पडदे आणि शिवजयंतीच्या चित्ररथांमागील देखावे त्यांनी रंगवले. बेळगावची शिवजयंती वैशाखात तिथीप्रमाणे साजरी होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. आग्र्याहून सुटकेच्या प्रसंगात जिवंत पात्रे पुढे उभी राहत आणि त्यांच्या मागे जो दरबार दिसे, तो घराच्या परसात आठवडाभर वाळत पडलेला असे. आपल्या आईचे अर्धे लुगडे त्या दरबाराचा पडदा म्हणून गेले होते, अशी आठवण चित्रकर्ती सांगतात.

पडद्यावर आपण पाहत आहोत तो खाका. मोठ्या कागदावर अक्षरे काढून त्यांच्या कडेने सुईने भोके पाडली जात, मग तो कागद फलकावर धरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर झाडली जाई आणि कागद उचलला की ठिपक्यांच्या रांगेत अक्षर उभे राही. भिंत काळी असेल, तर कोळशाऐवजी खडूची भुकटी घेतली जाई. आडवी रेघ मारण्यासाठी खडू लावलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधून उचलून सोडायचा. दोऱ्याचे दुसरे टोक धरण्याचे काम वयाच्या सातव्या वर्षापासून मुलीकडे होते. अक्षरांमधील अंतर पट्टीने मोजायला वडिलांचा विरोध होता. “अक्षराला बसायला जागा लागतंय, बाळ, ढकलू नको,” एवढेच ते म्हणत आणि ब्रश पुन्हा तिच्या हातात देत. ज, ल आणि ण ही अक्षरे शेजारी आली की कोणाला किती जागा द्यायची, हे डोळ्यांनीच ठरवावे लागते आणि ते आजही संगणकाच्या पडद्यावर चित्रकर्ती डोळ्यांनीच ठरवतात.

या शहराला चित्रकलेची परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकाराने येथे राहून विद्यार्थी घडवले. 1935 साली बेळगावात जन्मलेले आणि पुढे बोधचित्रांच्या क्षेत्रात देशभर नाव मिळवणारे रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी. अशा नामवंतांविषयी लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांची अक्षरे हे शहर दररोज वाचत होते, त्या पेंटरांच्या सह्या फलकाच्या कोपऱ्यात इतक्या बारीक असत की त्या कोणी वाचल्याच नाहीत. फ्लेक्स आला आणि ही कामे काही वर्षांतच थांबली.

[दृश्य : मेजावर दोन लिप्यांतील एक कच्चे आरेखन.]

सध्या मेजावर जे काम आहे ते लग्नपत्रिकेचे. वधूचे घर मराठी, खानापूर तालुक्यातील. वराचे घर कन्नड, सौंदत्तीकडील. पत्रिका एकच हवी, दोन्ही भाषा समोरासमोर हव्यात आणि कोणाचीही अक्षरे लहान दिसू नयेत, अशी दोन्ही घरांची मागणी आहे. सीमाभागात अक्षराचा आकार ही नाजूक बाब आहे. 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले आणि कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यात 2024 साली झालेल्या दुरुस्तीनुसार फलकावरील 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये असणे बंधनकारक आहे. पत्रिकेला असा नियम नाही. तेथे केवळ दोन्हीकडच्या मावश्या आहेत.

अडचण मात्र लिप्यांच्या स्वभावातच आहे. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते, त्यामुळे त्याचे वजन वर असते. कन्नड अक्षराला सलग शिरोरेषा नसते. त्याच्या डोक्यावर तलकट्टु नावाची छोटी खूण येते, अंग गोल असते आणि जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीच्या खाली उतरतो. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने सरळ रेघ ओढली तर पान फाटते, म्हणून दक्षिणेतील लिप्या गोल झाल्या, असे सांगितले जाते. देवनागरीने आपली जाड-बारीक वळणे बोरूकडून घेतली. दोन्ही लिप्यांचे मूळ ब्राह्मीत असले, तरी शेजारी ठेवल्यावर एक ताठ उभी राहते आणि दुसरी मांडी घालून बसते. उंची सारखी ठेवली तर कन्नड मजकूर ठसठशीत दिसतो आणि रुंदी सारखी ठेवली तर मराठी पोकळ वाटतो. चित्रकर्तींनी अखेर उंची आणि रुंदी दोन्ही सोडून दिल्या, एकच बोरू घेतला, त्याचा कोन किंचित उतरता धरला आणि दोन्ही लिप्या त्याच जाडीने लिहिल्या. विंडोज संगणकांवरील मंगल हा देवनागरी आणि तुंगा हा कन्नड, हे दोन्ही टंक सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले, याची आठवण त्यांनी काम करता करता करून दिली.

[दृश्य : वडगाव. मागांची खडखड. सुतांचे रंग.]

पत्रिकेच्या काठासाठी त्या वडगावला आल्या आहेत. शहापूर, वडगाव आणि खासबाग हा पट्टा विणकरांचा आहे. येथे आता यंत्रमाग अधिक दिसतात. मागावर टांगलेल्या जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्यांवरील प्रत्येक छिद्र म्हणजे एका धाग्याला मिळालेली उचलण्याची आज्ञा असते. तिची नोंद चित्रकर्ती चौकटीच्या कागदावर करतात, एका चौकोनाला एक धागा, या हिशेबाने. वधूच्या आजीने जपलेले इरकली लुगडेही त्यांनी सोबत आणले आहे. इरकलच्या पदरावर पारंपरिक नक्षी येते ती फणीची, किल्ल्याच्या तटबंदीची, ज्वारीच्या कणसाची आणि डोंगररांगेची. चारही आकार त्रिकोण आणि उभ्या रेघांतूनच तयार होतात. विणकराला वळण परवडत नाही. त्यांनी कणसाची नक्षी निवडली, कारण सौंदत्तीकडे काळी माती आणि ज्वारी आहे. खानापूरकडील मावशींनी भात का नाही, असे विचारले, तेव्हा त्याच कणसाचे टोक थोडे झुकवण्यात आले.

[दृश्य : बेळगावचा किल्ला. कमल बस्तीचे छत, कॅमेरा हळूहळू वर.]

1204 साली रट्ट राजघराण्याच्या काळात उभारलेल्या या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, मंडपाच्या मध्यभागी छतातून एक दगडी कमळ खाली उमललेले आहे. चित्रकर्ती येथे फरशीवर आडव्या पडून त्याचे रेखाटन करतात. या कमळाची नक्कल पत्रिकेवर करायची नाही, हे त्यांचे आधीच ठरले होते. पाकळ्यांची एक रांग दुसऱ्या रांगेच्या सांध्यावर कशी बसते, एवढेच त्यांनी घेतले आणि त्यावरून पत्रिकेची घडी ठरली.

[दृश्य : लिनोचा तुकडा उन्हात. कटरची धार. शाईचा रोलर.]

आता छपाई. लिनोचा, म्हणजे ठसा कोरण्याच्या लिनोलियमचा, तुकडा प्रथम उन्हात ठेवून मऊ केला जातो. ट्रेसिंगचा कागद उलटा ठेवून त्यावर आरेखन उतरवतात, कारण ठशावर जे उलटे असेल तेच कागदावर सुलटे येते. जे पांढरे दिसायला हवे ते कटरने काढून टाकायचे असते. कटर नेहमी अंगापासून दूर ढकलायचा आणि वळणावर कटर न वळवता लिनो फिरवायचा. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी मोकळी केली जाते. ती आधी कोरली, तर खालची अक्षरे कोरताना हात टेकायला जागाच राहत नाही. शाई काचेवर पसरून रोलर फिरवतात आणि ती योग्य पातळ झाली की रोलरखालून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चुरचुर आवाज येतो. तो आवाज आपण आता ऐकत आहात. त्यावर संगीत घालण्याचा मोह आम्ही टाळला आहे. ठशावर कागद ठेवून पाठीमागून स्टीलच्या चमच्याने घासले जाते. यंत्र नाही, दाब फक्त मनगटाचा आहे.

दोनशे पत्रिकांना नऊ दिवस लागतात. छापखान्यात त्या एका दुपारी होतात.

[दृश्य : पहिला ठसा उचलला जातो.]

पहिल्या ठशात चूक निघाली. ट्रेसिंग करताना ‘बेळगाव’ या शब्दातील ळ पुसट झाला होता, म्हणून तेवढे अक्षर त्यांनी लिनोवर थेट हाताने काढले आणि सवयीने सुलटे काढले. ळच्या दोन्ही बाजूंच्या गाठी इतक्या सारख्या असतात की कोरताना ते लक्षात आले नाही. कागदावर मात्र सगळा शब्द एकीकडे पाहतो आणि ळ दुसरीकडे. समोरच्या कन्नड शब्दातही ळ आहे आणि तो बरोबर आला आहे. वधूचे वडील तेव्हा माडीवर होते. “राहू दे की, ताई, कोण बघतंय?” असे ते म्हणाले.

चित्रकर्तींनी तो ठसा रोजवहीत चिकटवला, खाली तारीख घातली आणि लिनोचा नवा तुकडा उन्हात ठेवला.