बर्डीच्या टेकडीतलं घड्याळ

(दृश्य : नागपूरचा कळमना बाजार, सकाळची वेळ. संत्र्यांचे ढीग. एक हात संत्रं सोलतो.)

आंबिया बहाराचं संत्रं. सोललं, तर दहा फोडी निघाल्या. एकीत दोन बिया, शेजारणीत एकही नाही.

या एका फळात साधारण २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. त्यातले सहाएक अणू दर सेकंदाला पोटॅशियम राहत नाहीत, दुसरंच काही होऊन बसतात. घाबरू नका, बिनधास्त खा. हाच प्रकार आपल्या अंगातही चालू आहे, सेकंदाला चार हजारांच्या वर.

अणूच्या मधोमध केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवती इलेक्ट्रॉन. मूलद्रव्याचं नाव ठरतं ते फक्त प्रोटॉनवर. १९ असले की पोटॅशियम. २० झाले की कॅल्शियम, १८ उरले की आरगॉन. न्यूट्रॉनला या नावात काडीचा अधिकार नाही. दहा फोडींच्या दोन संत्र्यांत एकात तीन बिया निघाव्यात, दुसऱ्यात चार, तसंच हे. चव तीच, वजनात तेवढा फरक.

पोटॅशियममध्ये न्यूट्रॉन २०, २१ किंवा २२. म्हणून पोटॅशियम-३९, ४० आणि ४१. आवर्तसारणीत तिघांची जागा एकच, म्हणून ही समस्थानिकं. १९१३ साली फ्रेडरिक सॉडीनं वापरलेल्या ‘आयसोटोप’ या ग्रीक वळणाच्या शब्दाचा अर्थही तोच, ‘समान जागा’. तो त्याला सुचवला मार्गारेट टॉड या डॉक्टरबाईंनी. पाठ्यपुस्तकं मात्र बाईंना सहसा विसरतात.

बियांची उपमा इथवरच. बी फोडीत निमूट पडून राहते. २१ न्यूट्रॉनचं केंद्रक तसं राहत नाही. साडेआठ हजार अणूंत असा एखादाच, पण तो कधीतरी बदलणारच. बहुतेक वेळा त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, आणि अणूचं झालं कॅल्शियम. शंभरात अकरा वेळा उलटं घडतं. केंद्रक बाहेरचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, आणि उरतो आरगॉन. निम्मे अणू असे बदलायला लागतात १२५ कोटी वर्षं.

(दृश्य : सीताबर्डीचा किल्ला. खाली वाहनांची गर्दी. काळ्या कातळाचा जवळून फोटो.)

आता बर्डीवर या. १८१७ ची लढाई आपण शाळेत शिकलो. पण ज्या टेकडीवर ती झाली, तो काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. लाव्हा वितळलेला असताना त्यातला आरगॉन वायू उडून जातो. दगड थिजला, की नंतर तयार होणारा आरगॉन स्फटिकात अडकतो. तिथून घड्याळ सुरू. अडकलेला आरगॉन किती, शिल्लक पोटॅशियम किती, हे मोजलं की दगडाचं वय निघतं. दख्खनच्या या लाव्ह्याचं वय येतं सुमारे ६.६ कोटी वर्षं. एवढ्या काळातही त्यातलं पोटॅशियम-४० बदललंय जेमतेम साडेतीन टक्के. बाकीचं अजून तिथेच, आपल्या पाळीची वाट बघत.

(दृश्य : काटोलकडची बाग. झाडाच्या बुंध्याशी भेगाळलेली काळी माती.)

असाच कातळ झिजून ही माती झाली. झाडाच्या मुळांना ३९, ४० आणि ४१ यांतला फरक जवळपास कळतच नाही. इलेक्ट्रॉन तिघांचे सारखेच, आणि मुळांचा व्यवहार इलेक्ट्रॉनशी. जे समोर येईल ते उचललं, फांदीत चढवलं, फळात उतरवलं.