३.५७९५४५ चा चकवा

मंडळी, हा टेबलावरचा सर्किट बोर्ड भंगारात किलोच्या भावाने मिळणाऱ्या मालापैकी. ना कंपनीचं नाव, ना मॉडेल नंबर. बहुतेकांची नजर आधी मोठ्या चिपवर जाते. ही ४० पायांची ८९सी५१, म्हणजे प्रोग्राम चालवणारा मायक्रोकंट्रोलर आहे, आणि ती वजनकाट्यातही निघते, लिफ्टमध्येही. तिच्यावरून काही कळत नाही. बोर्डाचं काम कळतं कडेला, जिथून तारा आत-बाहेर जातात तिथे.

कडेला टेलिफोनची दोन सॉकेटं आहेत. मागे व्हॅरिस्टरची (जादा व्होल्टेज अडवणारा) निळी चकती, मग १ मायक्रोफॅरड २५० व्होल्टचा कपॅसिटर आणि ऑप्टोकप्लर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे देणारी चिप). ही जोडी घंटा ओळखते. पलीकडे २५ भोकांचं प्रिंटर सॉकेट.

आता क्रिस्टल, म्हणजे चिपला ठरावीक ताल देणारा भाग. यावर छापलंय ३.५७९५४५, म्हणजे मेगाहर्ट्झ. हा अमेरिकन रंगीत टीव्हीचा आकडा, त्यामुळे ‘व्हिडिओ कार्ड’ म्हणून मोकळे होणारे पुष्कळ. पण आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, त्याचा आकडा ४.४३३६१९. टीव्हीमुळेच ३.५८ चा क्रिस्टल स्वस्त झाला आणि इतरांनी तो उचलला. म्हणून आकड्यावर थांबू नका. मीटर बीपवर ठेवून क्रिस्टलचे पाय कुठे जातात ते बघा. इथे ते १८ पायांच्या चिपच्या ७ आणि ८ नंबरला जातात. चिपवरचा नंबर खरवडलाय (नक्कल होऊ नये म्हणून कारखानदार हे करतात), तरी ही एमटी ८८७०, फोनवर दाबलेला नंबर टोनवरून ओळखणारी.

दुसरा क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा. त्याला १२ ने, मग ३२ ने आणि ३ ने भागा, बरोबर ९६०० येतात. हा सीरियल पोर्टचा (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) नेहमीचा वेग. पण डिझाइनर हा क्रिस्टल सवयीनेही टाकतात, तेव्हा याला अर्धंच मत. तिसरा ३२.७६८ किलोहर्ट्झचा, घड्याळाचा.

फोनच्या यंत्राला नंबर, तारीख, वेळ आणि प्रिंटर एवढं सगळं कशाला? लाइनजवळच्या या कॉइलकडे बघा: १० मिलिहेन्री, सोबत १० नॅनोफॅरड. गणित केलं की १५.९ किलोहर्ट्झ येतात. एक्स्चेंज कॉल मोजण्यासाठी १६ किलोहर्ट्झचे पल्स पाठवायचं, ते पकडायची ही सोय. एसटीडीचे दर रात्री उतरत, म्हणून घड्याळ. हे पीसीओचं बिलिंग मशीन आहे.

वय चिपांवरून काढा. ९७४१ म्हणजे १९९७ चा ४१ वा आठवडा. सगळ्यांत उशिराचा कोड धरायचा, बोर्ड त्याच्या आधीचा असू शकत नाही. फक्त ७४३२ दिसलं तर १९७४ म्हणू नका, ते ऑर गेटचं नाव आहे.

वीज देण्याआधी बॅटरी बघा. निकेल-कॅडमियमची गळालेली असेल तर हिरवट थर व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने; नाहीतर अल्कली ट्रॅक खात राहते. ७८०५ ही तीन पायांची चिप बोर्डाला ५ व्होल्ट देते, तिचा मधला पाय ग्राउंड. आउटपुट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना, ते तपासा, मग इनपुटला ९ व्होल्ट द्या, करंटची मर्यादा २०० मिलिअँपिअर. ७८०५ ला ५ च्या वर साधारण २ व्होल्ट लागतात, त्यामुळे ६ व्होल्टवर बोर्ड अर्धवट जागा होतो आणि लोक चिपला दोष देतात. चालू लाइन मात्र जोडू नका, घंटेच्या वेळी तिच्यावर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो.

८९सी५१ मधला प्रोग्राम वाचायच्या भानगडीत पडू नका. अशा मशीनमध्ये प्रोग्राम वाचू न देणारे लॉक बिट बहुधा लावलेले असतात. ८८७० मात्र जपून काढा, सोबत तिचा क्रिस्टलही.