करमत नाही

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. अंधारी ओसरी. एकटा बसलेला माणूस.)

पहाटेचे साडेतीन. घर झोपलंय. हा कास्तकार मात्र रोज याच वेळी जागा होतो, आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही.

विचाराल तर म्हणेल, अंग दुखतं. डोकं जड राहतं. जेवण जात नाही. दवाखान्यात सलाईनही लावून येईल. 'नैराश्य' हा शब्द त्याच्या तोंडी येणार नाही. गावात हा आजार बहुतेकदा अंगदुखी होऊन येतो, म्हणून तर नजरेतून निसटतो.

(दृश्य : वावर. पऱ्हाटीत माजलेलं तण.)

"करमत नाही." "वावरात जावंसंच वाटत नाही." शब्द येतात ते असे. घरचे म्हणतात, आळशी झाला, चिडका झाला. कर्ज, बोंडअळी, लांबलेला पाऊस, यानं कोणीही खचेल. तेवढ्यानं तो आजारी ठरत नाही. पण लेक माहेरी आली तरी चेहरा फुलत नाही, आणि हे दोन आठवडे रोजचंच झालंय, तर याला नुसतं टेन्शन म्हणून सोडू नका. 'माझा घराला भारच आहे' असं तो बोलला, तर दोन आठवडेही थांबू नका. त्याच दिवशी विचारा, अगदी सरळ : "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोंडलेलं बोलायला वाट मिळते. आणि फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

(दृश्य : उंबऱ्यावर बसलेली आशाताई.)

विदर्भ-मराठवाड्यात सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात हेच काम आशाताईंकडे आलं : घरोघर जायचं, झोपेची, भुकेची, मनाची चौकशी करायची. तिला सांगा. किंवा 14416 लावा. ही टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासून सुरू. रात्रंदिवस, मोफत, मराठीतही.

(दृश्य : जिल्हा रुग्णालय. केसपेपरची रांग.)

जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर भेटतात. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात. नेमकं याच काळात "काही फरक नाही" म्हणून औषध सुटतं. बरं वाटलं तरी मनानं बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं.

पहिल्या खेपेला त्याला एकट्याला धाडू नका. केसपेपर तुम्ही काढा. परतीच्या एसटीत त्याच्या शेजारी बसा. तो बोलला नाही, तरी बसा.